पापणीचे शेअर, शोभाताईंचा डोळा आणि माझी बाकीची मिळकत

मी, प्रेमलता देवराव गोतमारे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा भांड्यांचे दुकान, राहणार इतवारी, नागपूर, हे मृत्युपत्र आज माझ्या मर्जीने करीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाने मागे चार लोकांसमोर त्याबद्दल शंका काढली होती. डोळे मात्र ठिकाणावर नाहीत. उजवा गेला आहे आणि डाव्याने वाटीएवढे दिसते. म्हणून मजकूर मी तोंडी सांगितला. वकील वैभवी हेडाऊ यांनी तो उतरवून घेतला आणि मला पूर्ण वाचून दाखवला.

वकीलबाईंचे म्हणणे होते की, मिळकत आणि वारस एवढे लिहिले तरी पुरे. मी म्हणाले, "कोणाले काय दिलं ते लिहिलं आन् काहून दिलं ते नाही लिहिलं, तर हे लोक माह्या तेरवीच्या पंगतीतच भांडतीन." त्या हसल्या आणि त्यांनी नवा कागद घेतला. म्हणून यात कारणेही आली आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे यजमान देवराव वारले आहेत. मला एकच मुलगा, जितेंद्र. त्याची बायको मेघा. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या एकटीच्या नावावर असून तिची व्यवस्था लावण्याचा मला पूर्ण हक्क आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मेघाने करावी. तिला कायद्याचे कागद वाचता येतात आणि ती जितेंद्रला भीत नाही.

कलम २. दुकानावरचे राहते घर जितेंद्र आणि मेघा या दोघांच्या नावे समान करावे. जितेंद्रला समोरची गॅलरी पाडून तिथे काच लावायची आहे. माझ्यामागे त्याने खुशाल लावावी. उन्हाळ्यात त्या काचेमागे मे महिना काढल्यावर तो आपणच ती काढील, याची मला खात्री आहे.

कलम ३. दुकान जितेंद्रला द्यावे. दुकान म्हणजे पूर्वीच्या दुकानाचा अर्धा भाग. आधी ते एकच होते. देवराव आणि त्यांचे थोरले भाऊ रुपराव दोघे मिळून बसत. पुढे भावाभावांत बिनसले आणि वाटणी झाली. दोघे इतके रागावले होते की मधून भिंत घातली तेव्हा तराजू आमच्या बाजूला राहिला आणि वजने त्यांच्या बाजूला गेली. पितळ, तांबे सगळे वजनावर विकायचे, आणि दोन्ही दुकानांत काही दिवस काहीच विकता येईना. शेवटी दोघांनी आपापली खरेदी केली, पण भिंतीपलीकडे जाऊन मागून आणायला कोणी तयार नव्हते. रुपरावांच्या पत्नी शोभाताई माझ्या थोरल्या जाऊ. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले. दोघे भाऊ गेले तेव्हा आम्ही एकमेकींच्या घरी बसायला गेलो, रडलो, आणि न बोलता परत आलो. शोभाताईंचे नाव पुढे पुन्हा येईल, म्हणून हे इथे सांगून ठेवले.

कलम ४. माझे दागिने मेघाला. पाटल्या तिला आवडत नाहीत हे मला माहीत आहे. त्या मोडून तिला काय करायचे ते करावे, पण मोडायला नेताना जितेंद्रला सोबत नेऊ नये. तो सोनाराशी भाव करता करता चहा पितो आणि शेवटी सोनार म्हणेल तेच मान्य करतो.

कलम ५. आता पापणीचे शेअर.

'पापणी' हे एका लहानशा कंपनीचे नाव आहे. ती काचबिंदूचे नवे औषध तयार करते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सोनिका हिने ती काढली. त्यात माझा वाटा आहे आणि माझ्या मिळकतीत घरात सर्वांत जास्त चर्चा झालेली वस्तू हीच आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

मला काचबिंदू आहे हे मला एका घंगाळाने सांगितले. दुकानात गिऱ्हाइकाला कळशी दाखवायला वळले आणि वाटेच्या कडेला ठेवलेल्या घंगाळावरून पडले. घंगाळ काही लहान वस्तू नाही. जितेंद्र म्हणाला, "आई, पाहून चाल ना." मी पाहूनच चालत होते. समोरचे सगळे दिसत होते, बाजूचे कधी गेले ते कळलेच नव्हते. डॉक्टरांनी सांगितले की डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखायची. त्या वेळी मला डाव्या डोळ्याने परातीएवढे दिसत होते. मग ताटाएवढे झाले. आता वाटीवर आले आहे.

राखण्यासाठी थेंब दिले होते. वेगवेगळ्या बाटल्या, वेगवेगळ्या वेळा, आणि मधे अंतर ठेवायचे. माझा हात कापतो. समोरच्या कापड दुकानातले महादेवराव म्हणाले, थेंबबिंब सोडा, कांद्याचा रस घाला. मी घातला, आणि दुपारभर इतकी रडले की गिऱ्हाइकांनी कोण गेलं म्हणून विचारले. महादेवरावांना माझ्या तेरवीला अवश्य बोलवावे. औषध मात्र कोणाला सांगू देऊ नये.

सोनिका दिवाळीला आली होती तेव्हा तिने मला थेंब टाकताना पाहिले. ती औषधशास्त्र शिकलेली. हैदराबादची चांगली नोकरी सोडून ती परत आली होती आणि आणखी दोघी मैत्रिणींना घेऊन वर्धा रोडला एका बंद पडलेल्या ब्युटी पार्लरच्या मागच्या खोल्यांत काम करत होती. तिने विचारले, "मावशी, यातले किती थेंब आत जातात?"

मी म्हणाले, "देवाले माहीत. पण माह्या गालाले काचबिंदू होणार नाही, एवढं नक्की."

ती हसली. मग तिने सांगितले की त्या तिघी जे करत आहेत ते याचसाठी आहे. खालच्या पापणीच्या आत बसेल अशी मऊ पट्टी, मेथीच्या दाण्याहून बारीक. औषध तिच्यातच भरलेले, ते काही महिने थोडे थोडे डोळ्यात उतरत राहील. बाटली नको, वेळ नको, कापणारा हात चालेल.

तिने पैसे मागितले नाहीत. हे मी स्पष्ट लिहिते, कारण जितेंद्रचा अजून तसा समज आहे. मीच विचारले की अडले कुठे. ती म्हणाली, प्रयोगासाठी पैसा लागतो, आणि मोठे गुंतवणूकदार म्हणतात आधी काही करून दाखवा, मग देतो. रामटेकच्या रस्त्याला माझा एक प्लॉट होता. दुकानातल्या माझ्या कमाईतून घेतलेला, माझ्या नावाचा. मी म्हणाले, तो विकते.

सोनिका घाबरली. म्हणाली, "मावशी, असं नको करू. अशा कंपन्या बहुतेक बुडतात. पैसे गेलेच असं समजून देशील तरच दे."

मी म्हणाले, "आम्ही भांडी उधार देतो तवा असंच समजून देतो वं. तू निदान आधी सांगून तर राहिली."

जितेंद्रला त्या प्लॉटच्या पैशात एसीचे शोरूम करायचे होते. मिक्सर, ओव्हन, काचेचे कपाट आणि दारात एक गणवेशवाला. त्याला कळले तेव्हा तो जेवणावरून उठला.

"आई, तू मले विचारलं काहून नाही?"

"तू नाही म्हटलं असतं म्हणून."

"मंग बरोबरच म्हटलं असतं ना. डोळ्यात पट्टी म्हणे. बँकेत ठेवले असते, पोस्टात ठेवले असते. ब्युटी पार्लरमंधी कोणी पैसे टाकते का?"

मेघा म्हणाली, "पार्लर बंद आहे," आणि दोघेही माझ्यावर चिडले, तो खरोखर आणि ती हसू लपवायला. माझ्या डोक्याबद्दलची ती शंका जितेंद्रने त्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर काढली.

कंपनीच्या दरवर्षीच्या सभेला मी चिवडा घेऊन जात असे. पहिल्या सभेत सगळे इंग्रजीतून चालले. मी हात वर करून म्हणाले की माझा पैसा मराठीत कमावलेला आहे. तेव्हापासून सोनिका आधी मला समजावून सांगते आणि मग बाकीच्यांना.

सशांच्या डोळ्यात पट्टी नीट बसली. माणसांच्या डोळ्यात बसेना. ससा डोळे चोळत नाही, माणूस चोळतो. निरोगी लोकांना बसवून पाहिली तर कोणाची जेवताना निघाली, कोणाची झोपेत, आणि एकाची त्याला न कळता हरवली. पैसा संपत आला. एक मैत्रीण सोडून पुण्याला गेली. जितेंद्र दर रविवारी शोरूमचे नकाशे माझ्यासमोर उघडून ठेवू लागला. मला नकाशे दिसत नाहीत हे त्याला ठाऊक होते. कागदाचा आवाज ऐकू यावा एवढाच हेतू होता.

सोनिका एका दुपारी दुकानात येऊन हंड्यांच्या मागे बसून रडली. मी तिला गंजाचा, म्हणजे पातेल्याचा, काठ कसा वळवतात ते दाखवले. पुढे मेघाने सगळ्यांना सांगितले की पट्टीचा आकार सासूबाईंनी सुचवला. ते खोटे आहे. काठाचा काहीएक उपयोग झाला नाही, सोनिकाने तो नम्रपणे पाहिला एवढेच. पट्टी बसली ती तिच्या उरलेल्या मैत्रिणीमुळे, रोशनीमुळे. तिने कितीतरी महिने बसून आकार बदलून बदलून पाहिले आणि ती स्वतःच्याच डोळ्यात घालून कांदे चिरत बसत असे. मला त्या काळात फक्त डबा पाठवता आला.

मग खऱ्या रुग्णांवर चाचणी करण्याची परवानगी मिळाली. इथल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात. मी नवे लुगडे नेसून नाव द्यायला गेले. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि मला घेता येत नाही म्हणाले. कंपनीत ज्याचा पैसा आहे त्याच्यावर कंपनीचे औषध तपासले तर त्याच्या सांगण्यावर विश्वास कोण ठेवील. मी म्हणाले, शेअर सोडते. ते म्हणाले, सोनिका तुमची भाची आहे, तिला कशी सोडाल. शिवाय डोळाही फार पुढे गेला होता.

त्या दिवशी मी रिक्षात सोनिकाकडे पाठ करून बसले. घराशी उतरताना ती म्हणाली, "तुझ्यासाठी केलं मावशी, आणि तुलाच देता येत नाही." तिचा आवाज ऐकून मला माझा राग आवरावा लागला, याचाही मला राग आला.

त्याच महिन्यात मी दुकानाच्या पायरीवर बसले होते. शोभाताई बाजूच्या पायरीवरून उतरल्या. समोरून टेम्पो येत होता, तो त्यांनी पाहिला. बाजूने हातगाडी येत होती, ती त्यांनी पाहिलीच नाही. गाडीचा दांडा लागून त्या खाली बसल्या आणि गाडीवाल्याला म्हणाल्या, "पाहून चाल ना गा." मला घंगाळ आठवले. त्यांनाही तेच झाले होते आणि दुसऱ्या कोणाला ते कळणार नव्हते.

मी दोन दिवस विचार केला. त्यातला एक दिवस, प्रामाणिकपणे सांगते, असा विचार केला की त्यांचे त्या पाहतील. मग उठून त्यांच्या दुकानात गेले. भिंत झाल्यापासून पहिल्यांदा.

त्या म्हणाल्या, "कोण हाय?"

"प्रेमा. बोलाले नाही आली, सांगाले आली. डोळे तपासून घ्या."

"माहे डोळे चांगले हाय. तू आलेली दिसलीच ना."

"दिसली तर कोण हाय म्हणून काहून विचारलं?"

त्यांनी एक पाट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "बस."

डोळे तपासले. काचबिंदू होताच, पण माझ्यापेक्षा बराच अलीकडचा. चाचणीत घेण्याजोगा. मी ते सांगितले तेव्हा म्हणाल्या, "म्हंजे कंपनी तुही, भाची तुही, आन् प्रयोग माह्यावर. रुपराव असते तर म्हणाले असते, वाटणीत राहून गेलं ते आता काढून राहिली." पण गेल्या. तिथे विचारले की कंपनीतल्या कोणाशी तुमचा काही संबंध आहे का. शोभाताई म्हणाल्या, "एक जाऊ हाय. पण बोलणं नाही. याले संबंध म्हणत असान तर लिहून घ्या." डॉक्टरांनी खरोखर लिहून घेतले. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीने ते वाचून परवानगी दिली.

चाचणीचा नियम असा होता: काहींना औषधाची पट्टी आणि साध्या पाण्याचे थेंब, काहींना कोरी पट्टी आणि औषधाचे थेंब. कोणाला काय, ते डॉक्टरलाही माहीत नसते. म्हणजे थेंब सगळ्यांनाच टाकायचे. शोभाताईंचा हात माझ्याहून जास्त कापतो. त्यांचा मुलगा बंगलोरला. पहिल्या आठवड्यात बाटली रिकामी झाली आणि पदर ओला. मग मी सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊ लागले. त्या डोके मागे करून बसायच्या, मी माझ्या ताटाएवढ्या नजरेने त्यांचा डोळा शोधून थेंब टाकायची. मग मी डोके मागे करायची आणि त्या माझ्या डोळ्यात टाकायच्या. दुसऱ्याच्या डोळ्यात नेम बरा लागतो. मेघाने याचे फोनवर चित्रण केले आहे. त्यात शोभाताई म्हणताना ऐकू येतात, "हालू नको वं, एवढी वर्षं नाही हालली, आता काहून हालून राहिली."

बोलणे असे सुरू झाले. त्या थेंबांचे वेळापत्रक संपले तरी मी जात राहिले.

गेल्या वर्षी निकाल आला. पट्टीने दाब थेंबांइतकाच खाली ठेवला, आणि पट्टी थेंबांसारखी विसरता येत नाही. शोभाताईंच्या डोळ्यात औषधाचीच पट्टी होती, पाणी मी टाकत होते. त्यांची नजर होती तिथेच टिकून आहे. त्या अजून रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना पाहतात आणि मला सांगतात, कोण काय नेसून चालले आहे. माझा पैसा शोभाताईंच्या डोळ्यात जाऊन बसला आहे आणि तिथून माझ्या लुगड्याला नावे ठेवतो आहे.

औषध बाजारात यायला आणखी काही वर्षे लागतील. आता अनेक शहरांत मोठी चाचणी सुरू होईल. हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीने पापणी विकत मागितली आहे. तेव्हापासून जितेंद्र सोनिकाला "आपली सोनिका" म्हणतो आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यातला दाब विचारतो. मागच्या सभेला चिवडा त्यानेच नेला. मला त्यावर जे म्हणायचे ते इथे लिहिले आहे, आणि माझ्यामागे हे मृत्युपत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम मी त्याच्यावरच सोपवते.

सबब, पापणीतील माझे शेअर पुढीलप्रमाणे द्यावेत. अर्धे जितेंद्रला. तो रागावला होता, पण मला दवाखान्यात नेण्याची एकही पाळी त्याने चुकवली नाही, आणि राग असलेल्या दिवशी तो गाडी जास्त सावकाश चालवत असे. उरलेले अर्धे मेघा आणि शोभाताई यांना सारखे. शोभाताई माझ्याहून वयाने मोठ्या आहेत. माझ्या आधी त्या गेल्यास त्यांचा हिस्सा रोशनीला द्यावा. शोभाताईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, तसा काही विचार नाही.

शेअर विकायचे की ठेवायचे हे ज्याने त्याने ठरवावे. माझी एकच इच्छा: पट्टी महाग होऊन आमच्यासारख्यांच्या हाताबाहेर जाणार असेल, तर तिघांनी मिळून विरोधात हात वर करावा. तो मोजला गेला नाही तरी करावा.

कलम ६. सोनिकाला मी काहीच ठेवत नाही. तिच्याजवळ जे आहे त्यात माझे आधीच आहे. मला पट्टी देता आली नाही हे तिने मनाला लावून घेऊ नये. मी उशिरा आले, पट्टी वेळेवर निघाली. दोघींची गाठ पडली नाही, यात कोणाची चूक नाही. पहिली पट्टी बाजारात येईल त्या दिवशी तिने आणि रोशनीने सुटी घ्यावी. त्या घेणार नाहीत, हे मला माहीत आहे.

कलम ७. दुकानातली जुनी पितळी भांडी विकू नयेत, असे मी म्हणणार नाही. भांडी विकण्यासाठीच असतात. फक्त ते घंगाळ वाटेत ठेवू नये.

कलम ८. माझे नेत्रदान करावे. मी गेल्यावर रडण्याआधी नेत्रपेढीला फोन करावा, कारण त्यांना लवकर यावे लागते. मला वाटले होते माझे डोळे कोणी घेणार नाही. पण डॉक्टर म्हणाले, मागची नस गेली आहे, समोरचा पारदर्शक पडदा अगदी चांगला आहे, तो दुसऱ्याला बसवता येतो. फॉर्म भरताना शोभाताई शेजारी बसल्या होत्या. डॉक्टरांना म्हणाल्या, "इचा पडदा ज्याले लावसान, त्याले आधीच सांगून ठेवा. त्याले सगळ्यांमंधी खोटच दिसन." डॉक्टर हसले. मी म्हणाले, दिसेल तर खरे ना. सही केली.

येथे माझे म्हणणे संपले. हे सर्व मला वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे. सहीसाठी वकीलबाईंनी ओळीखाली पट्टी धरली. सही ओळीवर आली असे सगळे म्हणतात, आणि मी ते मानते.

मृत्युपत्र करणार:
(सही) प्रेमलता देवराव गोतमारे

आम्ही खालील दोघांनी श्रीमती प्रेमलताबाईंना आमच्यासमोर सही करताना पाहिले व त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) डॉ. आनंदराव निखारे, राहणार धरमपेठ, नागपूर

साक्षीदार २: (सही) महादेवराव पौनीकर, कापड दुकानदार, राहणार इतवारी, नागपूर. कांद्याच्या रसाबाबतचा मजकूर मी ऐकला असून तो खरा आहे. तेरवीला मी येईन.

स्थळ: नागपूर
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५